गिरगावातली १९९६ ची बुलेट आणि बावीसचं ॲव्हरेज

गाडी रॉयल एनफील्ड बुलेट ३५० स्टँडर्ड, १९९६ ची, एमएच-०१ पासिंग. ३४६ सीसी, ७० मिमी बोअर, ९० मिमी स्ट्रोक, कास्ट आयर्न बॅरल, १२ व्होल्टची पॉइंट-कंडेन्सरवाली इग्निशन आणि मिककार्बचा व्हीएम २४ कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग). मालक राहतात ठाकूरद्वारला, नोकरी विक्रोळीला. जाऊन-येऊन ४४ किलोमीटरच्या आसपास. ईस्टर्न फ्रीवेवर दुचाकीला बंदी असल्यामुळे रस्ता भायखळा, लालबाग, दादर टीटी, सायन असा. सायनपर्यंत बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये आणि पुढे ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर जेमतेम चौथ्यात.

तक्रार एकच: ॲव्हरेज २१ च्या पुढे जात नाही. त्याआधी दोन गॅरेजमध्ये काम झालं होतं आणि दोन्हीकडे फक्त कार्ब्युरेटर उघडला गेला. एकाने साफ करून एअर स्क्रू ‘टाईट’ करून दिला, दुसऱ्याने ‘जेट बारीक करून देतो’ असं सुचवलं होतं; जेट म्हणजे पेट्रोल मापून सोडणारं बारीक भोक. या गाडीत कार्ब्युरेटरमध्ये दोष होते, पण त्यातले निम्मे हे दुसऱ्या कुठल्या तरी दोषावर घातलेली मलमपट्टी होती. म्हणून कार्ब सर्वांत शेवटी उघडला. हा क्रमच या प्रकरणातला कळीचा भाग आहे.

आधी मोजमाप

बुलेटवाल्यांचं ॲव्हरेज बहुतेक वेळा ‘रिझर्व्हला लागली ते पुन्हा रिझर्व्हला लागली’ असं मोजलेलं असतं. त्यात तीन-चार किलोमीटरची चूक सहज होते, कारण गाडी स्टँडवर कुठल्या कोनात उभी होती आणि चढावर रिझर्व्ह लागलं की सपाटीवर, यावर सगळं अवलंबून. इथे पद्धत अशी ठेवली: एकच पंप, गाडी मेन स्टँडवर सरळ, टाकीच्या गळ्यातल्या पत्र्याच्या काठापर्यंत पेट्रोल, मग किमान आठ लिटर संपेपर्यंत चालवायची आणि पुन्हा त्याच काठापर्यंत भरायची. आठ लिटरात पाव लिटर इकडेतिकडे झालं तरी चूक तीन टक्क्यांच्या आसपास राहते. दोन लिटरवर मोजणारा माणूस स्वतःलाच फसवतो.

दुसरी तपासणी ओडोमीटरची. मोबाइलच्या जीपीएसवर १०० किलोमीटर झाले तेव्हा मीटरवर ९७ पडले होते. पुढच्या चाकाला ३.२५-१९ ऐवजी ३.५०-१९ चा टायर होता. चाकाचा घेर मोठा, फेरे कमी, आणि मीटर पुढच्या चाकावरच चालतो. टाकी-ते-टाकी मोजणीत मीटरने २१.४ दाखवलं, खरा आकडा २२. एक पैसा न खर्चता अर्ध्या किलोमीटरहून जास्त वाढ झाली.

पुढचे सगळे आकडे दुरुस्त केलेले आहेत.

मग अपेक्षा किती ठेवायची? हे मॉडेल नीट असेल तर शहरात ३० ते ३५ देतं. पण १९९६ चं पेट्रोल आणि आजचं पेट्रोल एक नाही. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल असतं. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांश, म्हणजे ई-२० च्या एका लिटरात साध्या पेट्रोलपेक्षा साधारण सहा-सात टक्के ऊर्जा कमी. ज्या गाडीने तेव्हा ३५ दिलं तिने आज ३२.५ दिलं तर ती तेवढीच तंदुरुस्त समजायची. ध्येय ३२ ठरलं, ते यामुळे.

चाकं, ब्रेक, चेन

गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, मागचं चाक हाताने जोरात फिरवलं. पूर्ण एक फेराही झाला नाही. ब्रेक रॉडचा नट इतका आवळलेला की पेडलला मोकळीकच नव्हती. शिवाय ब्रेक कॅमची दांडी प्लेटमध्ये गंजून कोरडी पडलेली, त्यामुळे पाय काढला तरी ब्रेक शूज पूर्ण मागे येत नव्हते. पावसाळ्यात पाणी तुंबलेल्या रस्त्यावरून गेलेल्या प्रत्येक गाडीत हे सापडतं. कॅम बाहेर काढून पॉलिश पेपर मारला, अगदी पातळ ग्रीस दिलं (जास्त दिलं तर ते लाइनिंगवर उतरतं) आणि पेडलला दीड-दोन सेंटिमीटर खेळ ठेवला. त्याच धक्क्यात चाक आता तीन फेरे फिरतं.

टायरमध्ये हवा पुढे १४ पीएसआय, मागे २० निघाली. पुढे २० आणि मागे २८ ठेवली. चेन एका जागी ताणलेली आणि अर्ध्या फेऱ्यानंतर ढिली, म्हणजे असमान झिजलेली. बदलायला आली आहे, पण तूर्त सर्वांत ताणलेल्या जागी इंचभर खेळ मिळेल इतकी सैल करून तेल दिलं. नेहमीची चूक अशी होते की चेन ढिल्या जागी मोजून आवळतात. मग ताणलेल्या जागी ती गिअरबॉक्सच्या बेअरिंगलाच ओढते.

क्लच केबलला मोकळीक शून्य होती. लिव्हरच्या टोकाशी थोडासा, केबलच्या मापात दोन-तीन मिमी, खेळ हवाच. तो नसेल तर प्लेट अर्धवट सुटलेल्या राहतात, चढावर इंजिनाचा आवाज वाढतो आणि गाडी तिथेच. लालबागचा पूल चढताना मालकांना हे जाणवत होतं. ‘पिकअप गेला’ असं ते म्हणायचे.

एवढ्यावर, इंजिनाला हात न लावता, ॲव्हरेज २४ झालं.

टॅपेट, डीकॉम्प्रेसर, कॉम्प्रेशन

कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजायचं गेज प्लगच्या जागी लावून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून किका मारल्या. ७५ पीएसआय. थ्रॉटल बंद ठेवून मोजलं तर आकडा खोटाच कमी येतो, हे इथे सांगणं गरजेचं, कारण बऱ्याच गॅरेजमध्ये तसंच मोजतात. मग प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजलं. आकडा फारसा हलला नाही. रिंगा झिजल्या असत्या तर तेलाने सील होऊन आकडा चांगला वाढला असता. गळती वर, व्हॉल्व्हच्या बाजूला आहे एवढं कळलं आणि बोअर-पिस्टनचा खर्च टळला.

कास्ट आयर्न बुलेटचा टॅपेट (व्हॉल्व्ह यंत्रणेतली मोकळीक) फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजत नाहीत. इंजिन पूर्ण थंड, शक्यतो सकाळी पहिल्यांदा, पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या वरच्या टोकाला. बॅरलच्या तळाशी असलेलं टॅपेट कव्हर काढायचं आणि पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारी उभी दांडी) दोन बोटांनी फिरवून पाहायचा. तो सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. इथे इनटेक ठीक होता, एक्झॉस्टचा पुशरॉड फिरतच नव्हता. ॲडजस्टर इतका आवळलेला की व्हॉल्व्ह कधीच पूर्ण बसत नव्हता. टॅपेटचा आवाज येऊ नये म्हणून कोणीतरी ‘शांत’ करून दिला होता. आवाज गेला, त्याबरोबर कॉम्प्रेशनही गेलं, आणि व्हॉल्व्हला सीटवर टेकून थंड व्हायची संधीही गेली. असा व्हॉल्व्ह काही महिन्यांत कडेने जळतो.

लॉकनट आवळताना ॲडजस्टर हमखास थोडा फिरतो, म्हणून आवळल्यावर पुशरॉड पुन्हा फिरवून पाहायचा. हे विसरलं तर सगळी मेहनत वाया.

डीकॉम्प्रेसरची (किक सोपी व्हावी म्हणून एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलणाऱ्या यंत्रणेची) केबलही ताणलेली होती. तिला थोडी ढील दिली. आता ऑइल न घालता कॉम्प्रेशन १००.

पॉइंट आणि अडकलेला ॲडव्हान्स

या गाडीचं सर्वांत जास्त नुकसान इथे होत होतं, आणि दोन्ही गॅरेजमध्ये हे झाकण उघडलंच नव्हतं.

पॉइंट म्हणजे उघडझाप करून ठिणगीची वेळ ठरवणारा संपर्क. त्याचा गॅप ०.२५ मिमी निघाला, हवा ०.३५ ते ०.४०. एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला टेंगूळ. अशा पॉइंटमध्ये फिलर गेज टेंगळावर टेकतं आणि खरा गॅप दिसतो त्याहून जास्त असतो, म्हणून घासून सेट करण्यापेक्षा नवा पॉइंट आणि त्याच्याबरोबर नवा कंडेन्सर घातलेला बरा. कंडेन्सर कमजोर असेल तर नवा पॉइंटही पुन्हा तसाच होतो.

पॉइंटच्या खाली ऑटो ॲडव्हान्सचं युनिट असतं: दोन वजनं, दोन स्प्रिंगा. इंजिनाचा वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगी लवकर पडते. तपासणी एका मिनिटाची. कॅम बोटांनी फिरण्याच्या दिशेने वळवायचा आणि सोडायचा. तो स्प्रिंगने टक्कन मागे आला पाहिजे. इथे तो वळलाच नाही. ग्रीस वाळून डिंकासारखं झालेलं आणि एका वजनाची पिन गंजलेली. म्हणजे गाडी कितीही पळवा, ठिणगी कायम स्लो स्पीडच्याच वेळेला पडणार. उशिरा पेटलेलं पेट्रोल पिस्टन ढकलण्याऐवजी सायलेन्सरमध्ये उष्णता सोडतं. बेंड पाइप (हेडमधून निघणारा एक्झॉस्टचा पाइप) निळा पडला होता तो यामुळेच, आणि हेड तापतं ही तक्रारही यातलीच. युनिट काढून रॉकेलमध्ये धुतलं, पिना पॉलिश केल्या, मशीन ऑइलचा एकेक थेंब दिला. ग्रीस पुन्हा भरू नये.

टायमिंग: ॲडव्हान्स पूर्ण मागे असताना, पिस्टन वरच्या टोकाच्या ०.८ मिमी आधी असताना पॉइंट सुटले पाहिजेत. प्लगचं भोक तिरकं असल्यामुळे त्यातून सळई घालून ०.८ मोजणं फसवं ठरतं, सळई तिरकी सरकते. डिग्री व्हील असेल तर या स्ट्रोकला ते नऊ-दहा अंशांच्या आसपास येतं. पॉइंट नेमके कधी सुटतात हे डोळ्याने ओळखायला जाऊ नये. इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब पॉइंटची वायर आणि बॉडी यांच्यामध्ये जोडायचा, इग्निशन चालू करायचं. पॉइंट बंद असताना बल्ब विझलेला, सुटले की पेटतो. बल्ब नसेल तर सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटमध्ये धरून हलकेच ओढायचा. ज्या क्षणी तो सुटतो तो टायमिंगचा क्षण. क्रम मात्र पाळावा लागतो: आधी गॅप, मग टायमिंग. गॅप बदलला की टायमिंग बदलतं.

प्लगचा गॅप ०.५५ ठेवला. इथवर आल्यावर गाडी पहिल्या-दुसऱ्या किकला सुरू होऊ लागली आणि ॲव्हरेज २७.५ झालं. कार्ब्युरेटर अजून तसाच होता.

याच टप्प्यावर एक गंमत दिसली. स्पार्क नीट झाल्यावर गाडी आधीपेक्षा जास्त ‘भरल्यासारखी’ चालू लागली, अर्ध्या थ्रॉटलला फडफड, सायलेन्सरच्या तोंडाशी काळी पूड. मिक्श्चर आधीही इतकंच रिच (पेट्रोल जास्त) होतं, पण उशिरा पडणारी ठिणगी आणि गळका व्हॉल्व्ह यांनी आलेली मरगळ झाकायला कोणीतरी मुद्दाम पेट्रोल वाढवलं होतं. उलट्या क्रमाने, म्हणजे आधी कार्ब लीन (पेट्रोल कमी) करून काम केलं असतं तर गाडी तापली असती, अडखळली असती आणि पुन्हा पेट्रोल वाढवून मालकांच्या हातात दिली गेली असती. बहुतेक जुन्या गाड्यांचं चक्र असंच फिरत राहतं.

कार्ब्युरेटर: कुठला भाग कधी काम करतो

स्लाइडच्या, म्हणजे थ्रॉटलबरोबर वर-खाली सरकणाऱ्या दट्ट्याच्या, कार्ब्युरेटरमध्ये थ्रॉटल किती उघडा आहे त्यावर मिक्श्चर कोण ठरवणार हे बदलतं. बंद ते एक-अष्टमांश: पायलट जेट आणि एअर स्क्रू. तिथून पावपर्यंत स्लाइडचा काप. पाव ते पाऊण: नीडल आणि नीडल जेट. पाऊणच्या वर मेन जेट. आता सायन सिग्नलला उभं राहून विचार करा की मुंबईत थ्रॉटल पाऊणच्या वर कधी जातो. ठाकूरद्वार ते विक्रोळीत जवळजवळ कधीच नाही. तरी मेकॅनिक मायलेजसाठी सर्वांत आधी मेन जेटला हात लावतात, कारण तो काढायला सोपा आणि नंबर वाचता येतो.

या गाडीचा मेन जेट मूळपेक्षा १० नंबरांनी मोठा निघाला. कधीतरी गाडीला मोकळा, फटाका आवाजाचा सायलेन्सर लावलेला होता. त्याने एक्झॉस्ट मोकळा होतो, मिक्श्चर लीन होतं, म्हणून जेट वाढवला. पोलिसांच्या पावतीनंतर सायलेन्सर मूळचा आला, जेट राहून गेला. मूळ नंबरचा जेट परत बसवला, पण शहरातल्या आकड्यावर त्याचा परिणाम नगण्य धरला.

खरा चोर नीडल जेट. हा पितळेचा, त्यातून सुई खाली-वर होते आणि इंजिनाच्या थरथरीने सतत घासते. मिकुनी पद्धतीच्या नीडल जेटवर अक्षर आणि आकडा असतो, ओ-६, ओ-८, पी-० असे. आकड्याची एक पायरी म्हणजे भोकात फक्त ०.००५ मिमीचा फरक. इतक्या बारीक फरकाने कारखाना मिक्श्चर ठरवतो, यावरून झिजेचं गांभीर्य कळेल. समजा भोक २.६२ मिमी आणि त्या उंचीवर सुई २.४५ मिमी. पेट्रोल येतं ते दोघांमधल्या कड्यासारख्या फटीतून. भोक झिजून २.६५ झालं, म्हणजे केवळ ०.०३ मिमीने, तर फटीचं क्षेत्रफळ १८ टक्क्यांनी वाढतं. भोकाकडे उजेडात पाहिलं तर ते गोल नसून अंडाकृती दिसत होतं, सुईच्या एका अंगाला चमकदार पट्टा. वर क्लिप सर्वांत खालच्या, पाचव्या खाचेत. क्लिप खाली म्हणजे सुई वर, म्हणजे पेट्रोल जास्त. दोन्ही मिळून पाव ते पाऊण थ्रॉटल पूर्ण बुडालेलं.

नीडल आणि नीडल जेट नेहमी जोडीनेच बदलायचे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि ऑपेरा हाऊसला सुटे भाग मिळतात, पण पुडीवरचं नाव न पाहता जेटवरचं कोरीव अक्षर भिंगाने पाहावं आणि जुन्याशी ताडावं. नक्कल मालात अक्षर बरोबर असूनही भोक भलतंच निघतं. शंका वाटली तर जुनी, न झिजलेली वरची सुईची बाजू नव्या जेटमध्ये घालून खेळ पाहायचा.

दुसरा चोर चोक. या कार्बमध्ये चोक म्हणजे झडप नाही, वेगळ्या वाटेने जादा पेट्रोल सोडणारा छोटा प्लंजर. त्याच्या टोकाला रबर असतं. ते रबर चिरलेलं होतं, म्हणजे चोक बंद असतानाही थोडा चालूच. ओळखायची खूण: गरम इंजिनावर स्लोला चालू असताना चोक उघडला तर इंजिन लगेच गुदमरलं पाहिजे. इथे फारसा फरक पडत नव्हता, कारण ते आधीच गुदमरलेलं होतं.

फ्लोटची (कार्बमधलं पेट्रोल ठरावीक पातळीला ठेवणाऱ्या तरंगत्या भागाची) पातळीही वर होती. कार्ब उलटा धरून फ्लोटची पट्टी बॉडीच्या कडेला समांतर आली पाहिजे; ती उंच होती आणि फ्लोट नीडलच्या रबरी टोकावर गोल वळ पडला होता. इथेनॉलमुळे जुनी रबरं फुगतात आणि मग नीट बसत नाहीत. नवा फ्लोट नीडल सीटसकट घातला. पेट्रोल पाइप, टाकीच्या कॉकमधला (पेट्रोलच्या नळातला) वॉशर हेही त्याच वेळी बदलून घेतले, इथेनॉल सहन करणाऱ्या रबरचे. गाडी रात्री उभी करताना कॉक बंद करायची सवय मालकांना लावावी लागली. गळका फ्लोट नीडल आणि उघडा कॉक मिळाले तर पेट्रोल सिलिंडरमध्ये आणि तिथून इंजिन ऑइलमध्ये उतरतं.

एअर फिल्टर ऑइलच्या वाफेने ओला होऊन काळा पडला होता. तो धुवायच्या भानगडीत न पडता बदलला. हवा अडली की मिक्श्चर रिच होतं, हे वेगळं सांगायला नको.

साफसफाईत जेटमध्ये तांब्याची तार घालणं हा मुंबईतल्या गॅरेजचा जुना छंद. पितळ तांब्याहून कडक, पण तारेच्या तुटलेल्या टोकाने पायलट जेटच्या आत ओरखडे पडतात. कार्ब क्लीनरचा स्प्रे, मग कॉम्प्रेसरची हवा, आणि अगदीच अडलं तर झाडूचा तंतू. स्प्रे मारण्याआधी सगळी रबरं बाहेर काढायची.

कार्बचा फ्लँज हेडला दोन स्टडवर बसतो. नट जास्त आवळले की फ्लँज मधून वाकतो आणि कडेने हवा ओढतो. काचेच्या तुकड्यावर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून फ्लँज त्यावर सपाट होईपर्यंत घासला, नवी ओ-रिंग घातली. जोडल्यावर थंड इंजिन स्लोला ठेवून सांध्यावर डब्लूडी-४० चा छोटा फवारा मारायचा. आवाज बदलला तर हवा गळते. तापलेल्या सायलेन्सरजवळ हा प्रयोग करू नये.

एअर स्क्रूचा गोंधळ

आधीच्या मेकॅनिकने ‘पेट्रोल वाचवायला’ एअर स्क्रू आत आवळला होता, पाव फेरा उरवून. या कार्बमध्ये हा स्क्रू पेट्रोलचा नसून हवेचा आहे. आत फिरवला की हवा कमी आणि मिक्श्चर रिच. मारुती किंवा प्रीमियर पद्मिनीच्या कार्बवरचा मिक्श्चर स्क्रू पेट्रोलसह मिश्रण सोडतो, तिथे आत म्हणजे लीन. चारचाकीचा हात दुचाकीला लागला की असं होतं. सोपी खूण म्हणजे स्क्रूची जागा: एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा, इंजिनाच्या बाजूला असेल तर मिश्रणाचा.

सेटिंग नेहमी पूर्ण गरम इंजिनावर, दहा मिनिटं रस्त्यावर चालवून आल्यावर. स्क्रू हलकेच पूर्ण आत (जोर लावला तर टोक आणि बसायची जागा दोन्ही बिघडतात), मग दीड फेरा बाहेर. स्लाइडचा स्क्रू फिरवून स्लो थोडा चढा ठेवायचा. आता एअर स्क्रू पाव-पाव फेऱ्याने दोन्ही बाजूंना हलवून इंजिन जिथे सर्वांत वेगाने आणि एकसारखं चालतं ती जागा शोधायची, मग स्लो खाली आणायचा. ती जागा एका फेऱ्याच्या आत सापडली तर पायलट जेट लहान किंवा बुजलेला. अडीच फेऱ्यांच्या बाहेर गेली तर मोठा किंवा चोक गळका. इथे ती पावणेदोन फेऱ्यांवर आली.

याची उत्तम पावती पीयूसी सेंटरवर मिळते, आणि बहुतेक लोक ती न वाचता डिकीत टाकतात. एप्रिल २००० आधीच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ९,००० पीपीएम आहे. मर्यादा इतकी ढिली की रिच गाडीही पास होते. या गाडीची जुनी स्लिप ४.१ दाखवत होती, पास. कामानंतर २.० आली. कार्बन मोनॉक्साइड कमी आणि हायड्रोकार्बन जास्त आले असते तर अर्थ वेगळा: मिसिंग, म्हणजे स्पार्क किंवा अति-लीन.

क्लिपची खाच आणि ई-२०

नवा नीडल जेट, क्लिप मधल्या, तिसऱ्या खाचेत. ॲव्हरेज ३३. पण ४० ते ५०च्या वेगाला थ्रॉटल स्थिर धरला की गाडी हलके हिसके देत होती आणि चौथ्यात थ्रॉटल उघडताना क्षणभर पोकळ जायची. प्लग पाहायला पहाटे एक्स्प्रेस हायवेवर मुलुंडच्या बाजूला, ५०च्या स्थिर वेगाने काही किलोमीटर जाऊन, त्याच थ्रॉटलला किल स्विच आणि क्लच एकदम दाबून कडेला घेतली. स्लोवर आणून बंद केली तर प्लग स्लोचं मिक्श्चर सांगतो, ५०चं नव्हे. प्लगचं चिनीमातीचं टोक पांढरंफटक होतं.

कारण पेट्रोलमध्ये आहे. साध्या पेट्रोलला जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, ई-२० ला साधारण १३.५ पट. भोकं तीच राहिली तर मिक्श्चर आपोआप सात-आठ टक्के लीन होतं. जुन्या झिजलेल्या जेटमध्ये हा फरक लपला होता, नव्याने उघडा पडला. क्लिप एक खाच खाली, चौथ्यात. हिसके गेले, प्लग फिकट चहाच्या रंगाचा झाला, ॲव्हरेज ३२ वर स्थिरावलं.

एका किलोमीटरसाठी तिसऱ्या खाचेत ठेवायचा मोह होतो. ठेवू नये. मे महिन्यात सायनच्या ट्रॅफिकमध्ये हवा न मिळणारं हे एअर-कूल्ड इंजिन लीन चाललं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची किंमत वर्षभराच्या वाचलेल्या पेट्रोलहून जास्त पडते. महिन्याला ९०० किलोमीटर धरले तर २२ वर ४१ लिटर लागत होते, आता २८. त्यात तिसऱ्या खाचेने आणखी एक लिटरही वाचत नाही.

पेट्रोल पाइपला चिकटवायचे चुंबक आणि टाकीत टाकायच्या गोळ्या यांबद्दल मालकांनी विचारलं होतं. त्यांचा उपयोग विक्रेत्याला होतो.

काय राहिलं, काय पाहत राहायचं

स्लाइड कार्बच्या बॉडीत थोडी खुळखुळते. ती झीज दुरुस्त होत नाही. स्लो कधीकधी थोडा वर-खाली होतो तो त्यामुळे. आजच नवा कार्ब घ्यायची गरज नाही. चेन पुढच्या पगाराला.

पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवावी. अर्धी टाकी म्हणजे अर्धी दमट हवा. इथेनॉल ते पाणी ओढून घेतं आणि एका मर्यादेनंतर पाणी-इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं, नेमकं कॉकच्या तोंडाशी. मग गाडी सुरू होऊन दोनशे मीटरवर बंद पडते आणि कार्ब पुन्हा उघडला जातो. तसं झालं तर आधी फ्लोट बाऊलचा ड्रेन काचेच्या बाटलीत सोडून दोन थर दिसतात का ते पाहावं.

नव्या पॉइंटची फायबरची टाच पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये कॅमवर बसताना झिजते. गॅप कमी होतो आणि टायमिंग पुन्हा उशिरा जातं. ५०० किलोमीटरवर तपासलं तेव्हा ०.३८ चा गॅप ०.३३ झाला होता आणि चढावरचा दम किंचित कमी वाटत होता. गॅप पुन्हा ०.३८, टायमिंग बल्बवर पुन्हा ०.८, आणि कॅमच्या फेल्टवर तेलाचा एकच थेंब. पुढची तपासणी ३,००० किलोमीटरवर. ॲव्हरेज त्याआधी ३० च्या खाली आलं तर सुरुवात पुन्हा मागच्या ब्रेकपासून.